विमान कंपनीचं कार्ड : मागच्या रांगांमधल्या फिरस्त्यांचे अनुभव

माझ्या फोनमध्ये सहा विमान कंपन्यांची ॲपं आहेत आणि सहाही कंपन्यांच्या नेहमीच्या प्रवाशांच्या क्लबात मी सर्वांत खालच्या पायरीवर आहे.

पुण्यात गिअरबॉक्सचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत आहे. गेली नऊ वर्षं वर्षातून चार-पाच वेळा स्टुटगार्टला जावं लागतं. प्रवास कितीही लांबचा असो, आमच्या धोरणात इकॉनॉमीच. तिकीट ट्रॅव्हल डेस्क काढतं आणि ज्या दिवशी जे स्वस्त ते काढतं. कधी फ्रँकफर्टमार्गे, कधी दोहामार्गे, कधी इस्तंबूलमार्गे. त्यामुळे मैलांचे, म्हणजे उड्डाणांबद्दल क्लब देतात त्या गुणांचे, नुसते शिंतोडे उडाले, भांडं कुठलंच भरलं नाही.

गेल्या वर्षी मात्र ठरवलं की काही झालं तरी लुफ्तान्साच. त्यांच्या 'माइल्स अँड मोअर' क्लबात २०२४ पासून दर्जा ठरतो तो किती उड्डाणं आणि कुठल्या वर्गातून, यावर. तिकीट कितीचं होतं याला महत्त्व नाही, हे मला फार आवडलं. इकॉनॉमीत खंडाबाहेरच्या उड्डाणाला ६० पॉइंट, युरोपातल्या युरोपात २०. म्हणजे मुंबई–फ्रँकफर्ट–स्टुटगार्ट आणि परत, एकूण १६०. चार फेऱ्या, ६४०. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लाउंज मिळवून देणाऱ्या पहिल्या पायरीचा आकडा पुन्हा एकदा वाचला : ६५०.

चूक सर्वस्वी माझी, नियम पहिल्या दिवसापासून समोर होते. सहकारी फ्रँकफर्ट विमानतळावरूनच सुटणाऱ्या रेल्वेनं सव्वा तासात स्टुटगार्टला पोचत होते आणि मी वीस पॉइंटांसाठी तिथे विमान बदलत बसलो होतो. बायको अजून हसते.

तर विचारायचं असं, की दुसऱ्यानं काढलेल्या स्वस्त तिकिटावर भरपूर फिरणाऱ्यांनी आपला क्लब कसा निवडला? फायदा झाला का? तुमचा मार्ग कुठला आणि तिकीट कोण काढतं हे जरूर लिहा, कारण त्याशिवाय सल्ल्याला अर्थ नाही. क्रेडिट कार्डांचे पॉइंट इथे नकोत, ते महाभारत वेगळं.

*

नागपूर, औषधांची विक्री

आमच्याकडे स्वयंवरच नाही. जे विमान सकाळी मुंबईला नेतं आणि रात्री जेवायच्या वेळेला घरी आणतं, तेच आपलं. बहुतेक वेळा ते इंडिगोचं असतं. देशातले निम्म्याहून कितीतरी जास्त प्रवासी तेच वाहतात, त्यात मी एक. २००६ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीनं आपला क्लब, 'ब्लूचिप', आणला तो २०२४ मध्ये. तोवर माझे दोनशे-अडीचशे प्रवास होऊन गेले होते. आता जमतात थोडेथोडे. नाही जमले तरी मी कुठे जाणार?

*

मुंबई, बँकेचं सॉफ्टवेअर, ग्राहक सिंगापूरला

महिन्यातून एक फेरी, तिकीट कंपनीचं, सर्वांत स्वस्त भाड्याचं. इतक्या वेळा सिंगापूरला जायचं तर सिंगापूर एअरलाइन्सचं 'क्रिसफ्लायर'च, असं सगळ्यांनी सांगितलं. मीही मान डोलावली.

आता गणित ऐका. मुंबई–सिंगापूर अंतर साधारण २,४३० मैल. स्वस्त भाड्यावर अंतराच्या निम्मे मैल मिळतात, म्हणजे एका बाजूला बाराशेच्या आसपास. बारा फेऱ्यांचे झाले २९ हजार. एलिट सिल्व्हर या पायरीला २५ हजार लागतात, ती मिळाली. एलिट गोल्डला ५० हजार लागतात. म्हणजे वर्षाला एकवीस फेऱ्या! तितका राहिलो तर तिथे घरच घ्यावं लागेल.

आणि सिल्व्हर म्हणजे काय? सिंगापूर एअरलाइन्स ज्या गटात आहे त्या स्टार अलायन्समधल्या इतर विमान कंपन्यांकडे त्याचा उपयोग प्रतीक्षायादीत जरा वर सरकण्यापुरता. लाउंज नाही, जादा बॅग नाही. वर्षभर दर महिन्याला समुद्र ओलांडला आणि हाती आलं रांगेत पुढे सरकणं. ज्यांना कोणी निवडायला सांगेल त्यांनी आधी हे पाहावं की आपल्याला जी पायरी गाठता येणार आहे तिच्यावर काही आहे का. गोल्डचं वर्णन वाचून सिल्व्हरच्या मागे लागू नये.

मैल मात्र वाया गेले नाहीत. तीन वर्षांत संपतात म्हणून आईबाबांना त्यावर सिंगापूर दाखवलं. बाबा विमानात सकाळी सहाला उठून चहा मागत होते.

*

दुबई, बांधकाम क्षेत्र

एमिरेट्सच्या 'स्कायवर्ड्स'मध्ये सिल्व्हर आहे. २५ हजार टिअर मैल (दर्जा ठरवायला मोजतात ते) किंवा २५ उड्डाणं, दोन्हींपैकी एक पुरतं. मुंबई-दुबई अंतर थोडं, त्यामुळे मैलांनी कधीच झालं नसतं, उड्डाणं मोजून झालं. जवळच्या मार्गावर सतत ये-जा असेल तर उड्डाणं मोजणारा क्लब शोधा, हा माझा एकच मुद्दा.

सिल्व्हरवाल्याला लाउंज दुबईतच. त्यामुळे मी दुबईत राजा आणि मुंबईत रंक. शिवाय कंपनी कुठल्याच अलायन्समध्ये नाही. कार्ड घेऊन दुसऱ्याच्या काउंटरवर गेलात तर ते पत्त्यांचं पान. ज्यादा वजनाची सवलत मात्र खरी कामाची. गणपतीहून परतताना भाजणी, गोडा मसाला, आमसुलं आणि सासूबाईंनी 'एवढंच गं' म्हणून दिलेल्या चार बरण्या, सगळं त्यात बसतं.

*

रत्नागिरी, जहाजावर इंजिनिअर

आम्हाला मरीन फेअर, म्हणजे जहाजावरच्या लोकांसाठीचं खास भाडं, मिळतं. बॅगेचं वजन बहुधा भरपूर आणि तारीख बदलायची सोय, कारण जहाज बंदरात कधी लागेल ते समुद्राला विचारावं लागतं. बदल्यात मैल कमी किंवा शून्य. चढतो ब्राझीलमध्ये, उतरतो कोरियात. निष्ठा कोणाशी ठेवायची? क्लबाच्या भानगडीत पडलो नाही.

*

दादर, ट्रॅव्हल डेस्क

मी काउंटरच्या पलीकडची. बावीस वर्षं तुमच्यासारख्यांची तिकिटं काढतेय, म्हणून थोडं सविस्तर.

तुम्ही सगळे कंपनीचं नाव बघता. मी अक्षर बघते. एकाच विमानात, एकाच इकॉनॉमीत, शेजारशेजारच्या दोन खुर्च्यांच्या तिकिटांवर वेगवेगळं बुकिंग अक्षर असतं, आणि बऱ्याच क्लबांत मैल त्या अक्षरावर ठरतात. एकाला अंतराच्या शंभर टक्के, शेजारच्याला पंचवीस, कधी शून्यही. भागीदार कंपनीच्या क्लबात तेच उड्डाण टाकलंत तर कोष्टक पुन्हा वेगळं. म्हणून मागच्या वर्षाची तिकिटं काढा, अक्षरं लिहून घ्या आणि दोन-तीन क्लबांची कोष्टकं शेजारी ठेवून बघा. एक रविवार दुपार जाईल. त्याशिवाय कार्ड काढणं म्हणजे पत्रिका न बघता मुहूर्त काढणं.

दुसरं. आमच्याशी भांडू नका. बहुतेक कंपन्यांच्या धोरणात सर्वांत स्वस्त तिकिटापेक्षा अमुक इतक्या रकमेपर्यंत महाग चालेल अशी जागा ठेवलेली असते, गैरसोयीची वेळ किंवा दोन थांबे टाळण्यासाठी. 'मला अमुकच कंपनी हवी' असं लिहिलंत की तुमचा मेल मॅनेजरकडे जातो. 'त्या मर्यादेत स्टार अलायन्सचं काही बसतंय का बघाल का, मॅडम?' असं विचारलंत तर मी दहा मिनिटं जास्त बघते. माणूसच आहे मी.

तिसरं, बोर्डिंग पास. मैल खात्यात दिसेपर्यंत टाकायचा नाही. मैल आले नाहीत तर मागायला तोच पुरावा. फोनवरचा असेल तर स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, उड्डाण झाल्यावर तो ॲपमधून गायब होतो आणि मग मला फोन येतात.

*

(धागा सुरू करणारा) मॅडम, नऊ वर्षांत मी ते अक्षर एकदाही वाचलं नव्हतं. आत्ता जुनी तिकिटं उघडून बसलोय.

*

न्यू जर्सी, विमा कंपनीत

अमेरिकेतली एक गंमत सांगतो. नेवार्कहून दर दोन आठवड्यांनी युनायटेडनं देशातल्या देशात जातो. साहजिकच 'माइलेजप्लस' घेतलं होतं. त्यात गोल्ड, म्हणजे सगळ्या स्टार अलायन्समध्ये चालणारा 'स्टार गोल्ड', झालो तरी देशांतर्गत प्रवासात त्यांचाच लाउंज मिळत नाही. तोच स्टार गोल्ड दुसऱ्या एखाद्या देशाच्या क्लबाचा असेल तर त्याच लाउंजमध्ये, त्याच विमानाच्या बोर्डिंग पासवर, मानानं आत घेतात. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते हेच!

मग टर्किशच्या 'माइल्स अँड स्माइल्स'मध्ये गेलो. तिथे बारा महिन्यांत ४० हजार मैल झाले की एलिट, आणि एलिट म्हणजेच स्टार गोल्ड. कंपनीच्या कामाच्या पुण्याच्या फेऱ्या इस्तंबूलमार्गे केल्या, बाकीचं युनायटेडनं भरून काढलं. कार्ड दोन वर्षं चाललं. तोटा असा की युनायटेडच्या जागा-बढतीच्या (अपग्रेडच्या) यादीत मी शेवटचा. मला पुढची खुर्ची नको होती, दोन उड्डाणांच्या मधे प्लग आणि टेबल हवं होतं, म्हणून परवडलं.

*

कोल्हापूर, फाउंड्री

सगळं वाचलं. तुम्ही लोक कंपनीच्या पैशानं हिशेब करताय, मी खिशातल्या पैशानं करतो. ड्युसेलडॉर्फला दर चार वर्षांनी गीफा हे फाउंड्रीचं प्रदर्शन भरतं, हॅनोव्हरचं प्रदर्शन दर एप्रिलला, शिवाय गिऱ्हाइकांच्या गाठीभेटी. एकदा मित्राच्या नादानं क्लबाच्या विमानासाठी अकरा हजार जास्त मोजले. मिळालेल्या मैलांची किंमत काढली तर दोन हजारही होईना. कोहळा देऊन आवळा आणला. तेव्हापासून जे स्वस्त आणि एका थांब्यात जातं ते. लाउंजमध्ये खाऊन खाऊन खाणार किती? बायको तीन दिवस टिकेल एवढं धपाटं बांधून देते.

*

ठाणे, औषधचाचण्यांची तपासनीस

कोल्हापूरकर, धपाट्यांशी भांडण नाही. पण माझी गोष्ट ऐका.

मी काही निवडलं नव्हतं. कामाच्या निमित्तानं दिल्ली, बंगळुरू, कोलकाता असं विस्तारा एअरलाइन्सनं फिरायची, 'क्लब विस्तारा'त गोल्ड झाले होते. त्याआधी जेट एअरवेजचे मैल होते. जेट १७ एप्रिल २०१९ ला थांबली तेव्हा ते गेलेच असं धरून चालले होते. पण मैलांची कंपनी वेगळी होती, ती 'इंटरमाइल्स' नावानं चालू राहिली आणि मी त्यातून कुकर घेतला. तेव्हापासून माझा नियम आहे, मैल साठवायचे नाहीत. विमान कंपनी म्हणजे काही पोस्टाची बचत नाही.

१२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. माझे पॉइंट जसेच्या तसे एअर इंडियाच्या 'महाराजा क्लब'मध्ये आले आणि गोल्डही आलं. विस्तारा कुठल्याही अलायन्समध्ये नव्हती, एअर इंडिया २०१४ पासून स्टारमध्ये आहे. म्हणजे काही न करता मी एका रात्रीत स्टार गोल्ड झाले. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

पुढच्या जानेवारीत युरोपातल्या एका मोठ्या विमानतळावर बर्फानं सगळं ठप्प झालं. संध्याकाळी सातला पुढचं विमान रद्द. बदली तिकिटाच्या रांगेत दोन-तीनशे माणसं, लहान मुलं, रडारड. बाजूला गोल्डची पाटी आणि तिथे माझ्या पुढे चारजण. वीस मिनिटांत दुसऱ्या सकाळचं तिकीट, हॉटेलची चिठ्ठी, सगळं हातात. माझ्याबरोबरचा सहकारी, तेच तिकीट, तोच वर्ग, पहाटे तीनला खोलीवर पोचला आणि त्याला जागा मिळाली परवाची. मी त्याच्यासाठीही विचारलं होतं. काउंटरवरची बाई नम्रपणे नाही म्हणाली. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, हेही सांगते.

लाउंजमधल्या उपम्यासाठी मी क्लब सांभाळत नाही. त्या चारजणांच्या रांगेसाठी सांभाळते.

*

(धागा सुरू करणारा) जुन्या तिकिटांची अक्षरं काढली. चौदापैकी नऊ अशी, की दुसऱ्या कुठल्याही क्लबात पाव मैलसुद्धा मिळाले नसते. म्हणजे उड्डाणं मोजणारा लुफ्तान्साचा क्लबच मला बरा होता, फक्त पाचवी फेरी हवी होती. फेब्रुवारीत पुन्हा जायचंय. दादरच्या मॅडमनी सांगितलं तसं, अगदी गोड भाषेत, आमच्या डेस्कला विचारलं : मर्यादेत फ्रँकफर्टमार्गे काही बसतंय का?

आत्ताच उत्तर आलं. 'सर, इस्तंबूलमार्गे नऊ हजारांनी स्वस्त आहे. बुक केलं.'