एनएचएल बेटिंग: गोलीच्या आकड्यांसाठी पैसे देऊन साइट घ्यावी का?

थंडगार_तात्या

नमस्कार मंडळी. ब्रॅम्प्टनला येऊन सहा वर्षं झाली. हिवाळ्यात रात्री करायचं काय म्हणून एनएचएल, म्हणजे इथली आइस हॉकीची लीग, बघायला लागलो आणि चटक लागली. ऑन्टॅरिओत 2022 च्या एप्रिलपासून खासगी अ‍ॅपवर बेटिंग कायदेशीर आहे, त्यामुळे यंदा थोडे पैसे लावतोय.

पद्धत साधी. दोन्ही गोलींची, म्हणजे नेट राखणाऱ्यांची, सेव्ह टक्केवारी (आलेल्या शॉटपैकी किती अडवले; .920 म्हणजे 92 टक्के) बघायची. एक .920 वाला, दुसरा .895 वाला असेल तर डोळे झाकून .920 वर. आतापर्यंत 15 बेट लावल्या, 6 लागल्या. गेल्या शनिवारी तर कहर झाला. सकाळी अकराला 25 डॉलर लावले, संध्याकाळी वॉर्म-अप बघतोय तर आमचे .920 साहेब टोपी घालून बाकावर आणि नेटमध्ये बॅकअप गोली! सहा गोल खाल्ले त्याने.

तर आकड्यांची चांगली साइट सुचवा. महिन्याला 15 डॉलरच्या वर जायचं नाहीये. अख्ख्या सीझनसाठी 300 डॉलर बाजूला काढलेत, ते संपले की खेळ बंद. लॅपटॉप जुना आहे, जड काही चालणार नाही.

पकपुराण

15 डॉलरमध्ये काही होत नाही, स्पष्ट सांगतो. माझ्याकडे दोन सबस्क्रिप्शन आहेत, एक वेगवेगळ्या अ‍ॅपवरच्या बेटच्या भावांची तुलना करणारं आणि एक शक्यता काढणाऱ्या मॉडेलचं. शिवाय तीन अ‍ॅपवर खाती आणि एक वेगळा मॉनिटर. महिन्याला दीडशेच्या आसपास जातात. गेल्या सीझनला हे सगळे पैसे वसूल होऊन वर उरले. मॉनिटर मात्र घ्याच, एका स्क्रीनवर हे काम होत नाही.

फसलेला_फणस

पकपुराण, "वर उरले" म्हणजे किती ते दरवेळी राहूनच जातं तुमचं.

तात्या, माझं ऐका. मी एका "तज्ज्ञा"चं पिक्सचं (कुणावर लावायचं त्या टिप्सचं) पॅकेज घेतलं होतं, 200 डॉलर. नाव घेत नाही. रोज दुपारी मेसेज यायचा: "आजची खात्रीची". पहिला आठवडा मस्त गेला. मग हरलेल्या मेसेजेस ग्रुपमधून गायब व्हायला लागल्या! मी स्क्रीनशॉट काढून विचारलं तर मलाच ग्रुपमधून काढलं. कुणालाही पैसे देऊ नका.

आकडेमोड

पैसे देऊ नका हे माझंही म्हणणं, पण कारण वेगळं. तुम्हाला लागणारं सगळं फुकट आहे. मनीपकवर प्रत्येक गोलीचे "अपेक्षेपेक्षा जास्त वाचवलेले गोल" मिळतात, शॉटचा जुना डेटाही उतरवता येतो. नॅचरल स्टॅट ट्रिकवर टीमचे 5 विरुद्ध 5 चे (दोन्हीकडे पाच-पाच खेळाडू असतानाचे) आकडे. आज नेटमध्ये कोण, हे डेली फेसऑफवर. तिथे "संभाव्य" आणि "कन्फर्म" असा फरक लिहिलेला असतो. तुमची शनिवारची बेट बहुतेक "संभाव्य"वर लागली असणार. टीम आदल्या रात्री खेळली होती का बघा.

आता सेव्ह टक्केवारीबद्दल. मुख्य गोली वर्षाला पन्नासेक सामने खेळतो, सामन्याला 28 शॉट धरले तर 1400 शॉट. .910 आणि .920 मधला फरक अख्ख्या सीझनमध्ये 14 गोलांचा. आणि निव्वळ नशिबाने होणारा चढउतारच साधारण 11 गोल इकडे किंवा तिकडे असतो. म्हणजे पूर्ण सीझन बघूनही कोण खरंच बरा, हे छातीठोक सांगता येत नाही. तुम्ही नोव्हेंबरमधले बारा सामने बघून ठरवताय.

एका सामन्यापुरता हिशोब केला तर .910 आणि .920 मध्ये पाव गोलाच्या जरासा वर फरक पडतो. बस्स.

निळंपान

गोलीचे आकडे वगैरे मला सांगू नका. 22 फेब्रुवारी 2020. कॅरोलायना टीमचे दोन्ही गोली जखमी, म्हणून नेटमध्ये उभा केला डेव्हिड एअर्स, वय 42, झॅम्बोनी (रिंकचा बर्फ गुळगुळीत करायची गाडी) चालवणारा माणूस. आमच्याच टोरोंटोत, आमच्याच लीफ्स टीमसमोर. पहिले दोन शॉट आत गेले, मी सोफ्यावर उभा राहून नाचतोय. पुढचे आठच्या आठ अडवले. 6-3 हरलो.

तेव्हा एका सामन्यावर लावायला कायद्याने बंदीच होती, म्हणून प्रो-लाइन या सरकारी लॉटरीवाल्या बेटिंगवर तीन सामने एकत्र लावलेले. बाकीचे दोन लागले होते. ते तिकीट अजून पाकिटात आहे.

सडाफटिंग

शीर्षक वाचून वाटलं औषधाच्या गोळ्यांचा धागा आहे. "गोलकीपर" लिहायला काय होतं?

जर्सीकर

आम्ही न्यू जर्सीत 2018 पासून लावतोय, तुमच्या आधीपासून. तात्या, आधी अमेरिकन भाव वाचायला शिका. -150 म्हणजे 100 जिंकायला 150 लावायचे, म्हणजे 60 टक्के शक्यता धरलेली. +130 म्हणजे 100 लावून 130 जिंकायचे, म्हणजे 43.5 टक्के. एका सामन्यातल्या दोन टीमचे हे भाव असतील तर बेरीज 103.5. वरचे साडेतीन अ‍ॅपवाल्याचे. इथे जिंकलेल्यावर टॅक्स लागतो हेही लक्षात ठेवा.

पकपुराण

कॅनडात हौशी माणसाला जिंकलेल्यावर टॅक्स नाही. आणि दशांश भाव असताना ते अधिक-उणे कशाला? 1.67 दिसलं, एकला 1.67 ने भागलं, 60 टक्के आले. संपलं.

जर्सीकर

टॅक्स नाही ना, मग दीडशेचं सबस्क्रिप्शन परवडतं तुम्हाला. अधिक-उणे बघून फेवरिट कोण ते लगेच कळतं.

पकपुराण

2 च्या खाली असेल तो फेवरिट. तिसरीतलं पोरगं सांगेल.

आकडेमोड

तुम्ही दोघं वेगळा धागा काढा बुवा. तात्या, यातली कामाची गोष्ट एवढीच: तुम्ही म्हणताय "चांगल्या गोलीवर लावतो", पण कितीला? चांगला गोली तुम्हाला दिसतो तसा भाव ठरवणाऱ्यालाही दिसतो. 1.55 ला लावत असाल तर 64.5 टक्के वेळा जिंकायला हवं, तेव्हा कुठे बरोबरी. हॉकीत फेवरिट टीम दहातले साधारण सहा जिंकते. तुमच्या 15 बेट कुठल्या भावाला होत्या?

थंडगार_तात्या

भाव लिहून नाही ठेवले. बहुतेक 1.50 ते 1.65 असतील. आणि हो, बघितलं, शनिवारची टीम शुक्रवारी रात्रीही खेळली होती.

आकडेमोड

बॅक-टू-बॅक. दुसऱ्या रात्री बहुतेक टीम बॅकअपलाच उतरवतात.

हॉकी_आई

मी बेटिंग करत नाही आणि करू नये या मताची आहे, पण गोलीबद्दल बोलताय म्हणून लिहिते. माझा मुलगा अकरा वर्षांचा, हाउस लीगमध्ये गोली आहे. सकाळी साडेसहाला रिंकवर थंडीत बसून मी चार वर्षं हेच बघतेय. गेल्या वर्षी त्याच्या टीमचे डिफेन्सवाले त्याच्याच समोर येऊन उभे राहायचे. पक (हॉकीतली चकती) निघाला कुठून हेच त्याला दिसायचं नाही. मान इकडून तिकडे करत बसायचा बिचारा. दर सामन्याला पाच-सहा खायचा आणि गाडीत मागच्या सीटवर ग्लव्ह तोंडावर धरून बसायचा. यंदा टीम बदलली, पोरगं तेच, पॅड तेच, दोनच्या वर जात नाही. मग ती टक्केवारी त्याची का त्या डिफेन्सची?

आणि तात्या, "संपले की बंद" हे वाक्य कागदावर लिहून घरात कुणाला तरी द्या. अ‍ॅपमध्ये डिपॉझिटची मर्यादा घालता येते, ती आजच घाला. हाताबाहेर जातंय वाटलं तर कनेक्सऑन्टॅरिओची हेल्पलाइन आहे, फुकट बोलतात आणि कुणाला कळत नाही.

कोर्सीची_मिशी

ताईंनी लाखातलं लिहिलं. म्हणूनच अपेक्षित गोलांची पद्धत आली: शॉट कुठून मारला, कोनातून की समोरून, रिबाउंड होता का, यावरून त्याची किंमत काढायची, मग गोलीला मोजायचं. पण पुढ्यात कोण उभं होतं आणि शॉटआधी आडवा पास आला होता का, हे सार्वजनिक डेटात नीट नसतं. ताईंच्या पोराची मान कुठल्याच तक्त्यात येत नाही.

जाता जाता: कोर्सी हा आकडा म्हणजे गोलकडे मारलेले सगळे शॉट, मध्येच डिफेन्सने अडवलेले आणि बाहेर गेलेलेसुद्धा. नाव जिम कोर्सीवरून. तो तेव्हा बफेलोचा गोली कोच. आकडा रूढ करणाऱ्या ब्लॉगरला त्याची मिशी आवडली म्हणून नाव दिलं, असं तो ब्लॉगर स्वतःच सांगतो. माझं टोपणनाव तिथून.

सडाफटिंग

मिशीवरून ठरलेल्या आकड्यावर पैसे लावताय. छान.

निळंपान

2013-14 ला हेच कोर्सीवाले ओरडत होते की लीफ्स नशिबावर जिंकतायत. आम्ही हसलो. शेवटच्या 14 पैकी 12 हरलो. तेव्हापासून हसत नाही.

कोर्सीची_मिशी

ते पीडीओ. टीमची शूटिंग टक्केवारी अधिक सेव्ह टक्केवारी, 5 विरुद्ध 5 ची. बेरीज 100 च्या आसपास यायला हवी. 103 वर बसलेली टीम बहुतेक वेळा खाली येते. उलट 98 वाली, जी शॉट भरपूर मारतेय पण पक जात नाहीये, तिथे भाव कधीकधी बरा मिळतो. तात्यांच्या पद्धतीत नेमकं उलटं होतंय: ज्या गोलीचं नशीब शिखरावर आहे त्यालाच ते धरतायत.

जर्सीकर

आणि एवढं करून प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) काय होतं? 2022-23 ला बॉस्टनचा गोली उलमार्क, त्याची .938, टीमने 65 सामने जिंकले, विक्रम. पहिल्याच फेरीत फ्लॉरिडाने काढलं, तेही 3-1 ने मागे असताना. 2025 मध्ये विनिपेगचा हेलेबक, .925, सर्वोत्तम गोलीचा वेझिना आणि सर्वात मौल्यवान खेळाडूचा हार्ट हे दोन्ही पुरस्कार त्याला, आणि पहिल्या फेरीत सेंट लुइसमधल्या तिन्ही सामन्यांत मध्येच बाहेर बसवावा लागला. आकडे आकडे करता!

आकडेमोड

सात सामन्यांवरून आकडे खोटे ठरवायचे तर 15 बेटवरून तात्या वाईट ठरतील. दोन्ही चूक. शिवाय विनिपेगने ती मालिका जिंकली. सातव्या सामन्यात 1.6 सेकंद उरलेले असताना बरोबरी, मग दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये. नेटमध्ये हेलेबकच होता.

फसलेला_फणस

माझ्या ग्रुपवाल्याने त्या दिवशी "खात्रीची" कुठली दिली होती ते सांगू का?

पकपुराण

नको. तात्या, मॉडेल हवं तर केली (Kelly) नावाच्या सूत्राने रक्कम ठरवा. 2.10 चा भाव आणि तुमच्या मते 50 टक्के शक्यता, तर सूत्र एकूण पैशांच्या साडेचार टक्के लावा म्हणतं. मी पूर्ण केली लावतो, हिंमत लागते.

आकडेमोड

हिंमत नाही, त्या 50 टक्क्यांची खात्री लागते, आणि ती कुणाकडेच नसते. पाव केली लावली तरी 300 वर जेमतेम 3.40 डॉलर होतात. तात्यांनी 25 लावले होते, म्हणजे त्या 300 चा बारावा हिस्सा एका रात्रीत.

माझा सल्ला: महिनाभर पैसे न लावता वहीत लिहा. तारीख, गोली कन्फर्म होता का, तुम्ही पाहिलेला भाव आणि पक पडायच्या आधीचा शेवटचा भाव. तुम्ही 2.10 ला घेतलेलं शेवटी 1.95 ला गेलं, असं वारंवार होत असेल तर तुम्हाला काहीतरी कळतंय. उलटं होत असेल तर तुम्ही बातमी शिळी झाल्यावर पोचताय. जिंकणं-हरणं बघू नका, ते खूप उशिरा कळतं.

जर्सीकर

हेच लिहिणार होतो. वही ठेवा.

पकपुराण

वहीने डोळे दुखतात. मॉनिटर.

हॉकी_आई

डिपॉझिटची मर्यादा घातली का?

थंडगार_तात्या

घातली ताई, आठवड्याला 20. बायकोलाही सांगितलं.

सगळ्यांचे आभार. साइट विकत घेत नाही. महिनाभर नुसतं लिहिणं मात्र मला जमणार नाही, खरं सांगतो. जिंकण्या-हरण्यावर लावणं बंद करतो. फक्त बॅक-टू-बॅकची दुसरी रात्र, बॅकअप नेटमध्ये कन्फर्म झाला की "ओव्हर" (दोन्ही टीमचे मिळून गोल ठरलेल्या आकड्याच्या वर जातील), पाच डॉलर. थकलेली टीम, कच्चा गोली, गोल पडणारच की.

आकडेमोड

तात्या, ही सगळ्यात आधी सगळ्यांना सुचणारी गोष्ट आहे. बॅकअप कन्फर्म झाला की भाव मिनिटात हलतो. आणि थकलेली टीम स्वतःही गोल कमी मारते.

कोर्सीची_मिशी

+1. "ओव्हर" तर नकोच.

निळंपान

मी आहे तात्यांबरोबर.

फसलेला_फणस

निळंपान तुमच्या सोबत आहेत म्हणजे संपलंच.

थंडगार_तात्या

झालं, आजची लावली. वही पण काढली, पोरीची गणिताची उरलेली. कन्फर्म झालेलं बघूनच लावली हं, साडेसहाला. ओव्हर 6.5, भाव 1.87.

आकडेमोड

सकाळी 2.02 होता.