ढाक्यातल्या पराभवानंतर: खालिद जमील यांना मुदत द्यावी का?
(नोव्हेंबर २०२५ मध्ये तिघा फुटबॉलप्रेमींनी एकमेकांना लिहिलेले; नावांच्या जागी त्यांची राहण्याची ठिकाणे आहेत.)

दिघोरी :
मंगळवारी, १८ नोव्हेंबर २०२५ ला, ढाक्यात बांगलादेशाने फुटबॉलमध्ये भारताला १-० ने हरवले आणि तेव्हापासून भारताचे प्रशिक्षक खालिद जमील यांना काढून टाकण्याची मागणी जिकडे तिकडे ऐकू येत आहे. बांगलादेशाकडून आपण तब्बल २२ वर्षांनी हरलो, तेव्हा लोकांचा संताप मला समजतो. पण २०२७ च्या आशिया चषकाचे दार ढाक्यात बंद झालेले नाही. ते १४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरकडून १-२ हरलो तेव्हाच बंद झाले होते, आणि ते लोटले गेले होते त्याच्याही आधी, मानोलो मार्केझ प्रशिक्षक असताना, मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशाशी ०-० बरोबरी आणि जूनमध्ये हाँगकाँगकडून ०-१ हार पदरी पडली तेव्हा. पात्रता फेरीच्या गटातून एकच संघ पुढे जाणार, हे ठाऊक असताना पहिल्या दोन सामन्यांत एक गुण आणि शून्य गोल, एवढी पुंजी घेऊन जमील यांनी ऑगस्टमध्ये संघ हाती घेतला.

त्यांनी काहीच केले नाही असेही नाही. नेमणुकीनंतर महिनाभरात मध्य आशियाई स्पर्धेत ताजिकिस्तानला त्यांच्याच मैदानावर २-१ ने हरवले, आणि तिसऱ्या क्रमांकासाठी ओमानविरुद्ध १-१ नंतर पेनल्टी शूटआउटमध्ये बाजी मारली. तेही मोहन बागानने आपले खेळाडू सोडलेले नसताना. मडगावच्या आधी सिंगापुरात झालेल्या सामन्यात बचावपटू संदेश झिंगनला लाल कार्ड मिळाल्यावर जवळजवळ संपूर्ण उत्तरार्ध दहा जणांनिशी खेळून ९०व्या मिनिटाला रहीम अलीने बरोबरी साधली, तेव्हा माझ्या वडिलांनी चष्मा काढून डोळे पुसले होते. दोन हजार सालापासून भारताचा एकही महत्त्वाचा सामना न चुकवणारा तो माणूस आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की गोल न होण्याचे मूळ प्रशिक्षकाच्या फळ्यावर नसून आपल्या लीगमध्ये आहे. २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये, म्हणजे देशातल्या अव्वल इंडियन सुपर लीगमध्ये, सर्वाधिक २३ गोल नॉर्थईस्ट युनायटेडच्या अलाएद्दीन अजाराईचे, म्हणजे मोरोक्कोच्या खेळाडूचे. भारतीयांमध्ये सर्वाधिक १४ गोल सुनील छेत्रीचे, आणि त्याने त्या हंगामात चाळिशी गाठलेली होती. देशातला सर्वोत्तम आघाडीवीर निवृत्ती मागे घेऊन परत बोलवावा लागला, तिथे जमील यांच्या जागी कोणालाही आणून बसवले तरी गोल कोण करणार? त्यांचा करार दोन वर्षांचा आहे. तो पाळावा.

धरमपेठ :
दादा, तुमची आकडेवारी बिनचूक आहे, पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. वेळ मिळाला नाही, ही सबब ऐकली की मला सिंगापूरचे उदाहरण द्यावेसे वाटते. त्यांचे जपानी प्रशिक्षक यंदाच पद सोडून गेले आणि जूनच्या सुमारास गेव्हिन ली नावाच्या पस्तिशीतल्या स्थानिक माणसाकडे हंगामी म्हणून संघ सोपवला गेला. म्हणजे जमील यांच्या आणि त्यांच्या नेमणुकीत फार अंतर नाही, आणि दोघेही देशी. त्याच ली यांनी आपल्याला मडगावात हरवले आणि आपण ढाक्यात हरत होतो त्याच संध्याकाळी हाँगकाँगला २-१ ने हरवून संघाला आशिया चषकात नेले. सिंगापूर याआधी १९८४ साली यजमान म्हणून तिथे खेळले होते. पात्रता फेरीतून जाण्याची ही त्यांची पहिलीच वेळ.

माझा आक्षेप जमील यांच्या पद्धतीला आहे, आणि तो नोव्हेंबरचा नाही. तेव्हा जमील यांच्याकडे असलेल्या जमशेदपूरने एप्रिलमध्ये आयएसएलच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना मोहन बागानविरुद्ध २-१ ने जिंकला आणि कोलकात्यात ती एका गोलाची आघाडी राखण्यासाठी संघ स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रासमोर ठाण मांडून बसला. शेवटी भरपाई वेळेत मोहन बागानच्या आपुइयाने लांबून मारलेल्या चेंडूने घात केला, २-० झाले आणि हंगाम संपला. त्यानंतर महिन्याभरात सुपर कपच्या अंतिम सामन्यात एफसी गोवाकडून ०-३ हार. मडगावातही आपल्या छांगटेने १४व्या मिनिटाला दूरवरून अप्रतिम गोल केल्यावर आपण काय केले ते आठवून पाहा. पाच-पाच मिनिटे चेंडू सिंगापूरच्या पायात होता, आपली मधली फळी मागे सरकत बचावफळीला चिकटली होती आणि मध्यंतराच्या तोंडावर व्हायचे तेच झाले. आघाडी मिळाली की मागे सरकायचे, हा आघाडीवीरांच्या तुटवड्याचा परिणाम नव्हे. ही शिकवण आहे. दुबळ्या क्लबला लीगमध्ये तगवून धरण्यासाठी ती उपयोगी पडते. घरच्या मैदानावर जिंकणे भाग असताना तिचा उपयोग नाही.

कामठी :
आपण दोघेही पोटतिडकीने लिहीत आहात, म्हणून मीही लिहितो. मी गेली एकोणीस वर्षे इथे मुलांना फुटबॉल शिकवतो.

मागच्या हिवाळ्यात माझ्याकडे चौदा वर्षांचा एक मुलगा होता. गोलकडे पाठ करून चेंडू अंगावर घ्यायचा, मागे उभ्या असलेल्या बचावपटूचा धक्का सोसायचा आणि त्याच पायावर वळून मारायचा; हे त्याला कोणी शिकवले नव्हते. रोख बक्षिसाची एक मोठी स्पर्धा आली तेव्हा ज्या संघाने त्याला घेतले, त्यांनी पैसे देऊन बाहेरून एक दणकट आघाडीवीर आणला आणि माझ्या पोराला उजव्या विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, पाठवले, कारण तो पळतो चांगला. मी त्या मंडळींना विनवून पाहिले. त्यांचे म्हणणे होते की सर, स्पर्धा जिंकायची आहे, पोरगा पुढे शिकेलच. यंदा तो पोरगा टचलाईनला धरून पळतो आणि क्रॉस टाकतो. वळून मारणे विसरला आहे. जुलैत चिखलात सराव घेताना मी त्याला मुद्दाम मध्ये उभे केले, तर चेंडू आल्यावर तो आधी बाजूला कोण आहे हे बघू लागला.

आयएसएलचे क्लब हेच मोठ्या पैशांत करतात. दिघोरीकरांनी २३ आणि १४ हे आकडे दिले, त्यामागे असे शेकडो पोरगे आहेत. छांगटे, विक्रम प्रताप, उदांता, सगळे विंगवर वाढलेले. मधला नऊ नंबर, म्हणजे गोलसमोरचा मुख्य आघाडीवीर, विदेशी खेळाडूसाठी राखीव. म्हणून मला जमील यांच्यावर दगड मारवत नाही. मात्र धरमपेठकरांचा मागे सरकण्याचा मुद्दा मला नाकारता येत नाही, कारण मडगावचा सामना मीही पाहिला आहे.

धरमपेठ :
सर, तुमचा मुलगा डोळ्यांसमोर उभा राहिला आणि वाईट वाटले. तरीही मी विचारतो: नऊ नंबर नाही हे ज्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, त्या प्रशिक्षकाने विंगवरच्या तिघांना जवळजवळ आणून, समोरच्या संघाच्या अर्ध्यातच चेंडू हिसकावण्याचा खेळ का बसवू नये? ढाक्यात ११व्या मिनिटाला बांगलादेशाच्या मोरसालिनने गोल केल्यावर जवळजवळ ऐंशी मिनिटे आपल्या हाती होती. छांगटेचा एक फटका त्यांच्याच हमझा चौधरीने डोक्याने परतवला, तो सोडल्यास छातीत धडकी भरवणारा क्षण मला फारसा आठवत नाही. पात्रता फेरीच्या पाच सामन्यांत दोन गोल. बेताच्या खेळाडूंचीही काहीतरी मांडणी करता येते, आणि तीच करण्यासाठी प्रशिक्षक असतो.

दिघोरी :
मांडणी बसवायला सराव लागतो आणि सरावाला सामने लागतात. २०२५ च्या जुलैपासून आयएसएल ठप्प होती. भारतीय फुटबॉल महासंघाचा लीग चालवणाऱ्या व्यावसायिक भागीदाराशी असलेला करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता, नव्या निविदेला एकही बोली आली नव्हती आणि काही क्लबांनी तर सरावच थांबवला होता. ज्यांनी या हंगामात लीगचा एक सामना खेळलेला नाही, त्यांच्याकडून नव्वद मिनिटे पुढे जाऊन चेंडू हिसकावण्याची दमसास कशी अपेक्षायची? सिंगापूरचा इखसान फंडी थायलंडच्या लीगमध्ये दर आठवड्याला खेळून आला होता. ली आणि जमील यांची तुलना करताना हा फरक सोडून चालणार नाही.

जमील यांना फक्त मागे बसता येते, हेही मला पटत नाही. २०१६-१७ मध्ये त्यांनी ऐझॉलला आय-लीग या राष्ट्रीय लीगचे विजेतेपद मिळवून दिले, ते मोहन बागान आणि ईस्ट बंगालला मागे टाकून. आदल्या हंगामात तो संघ पदावनत झालेला होता. २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडची सूत्रे त्यांच्याकडे हंगामाच्या मध्यावर आली आणि साखळीत एकही सामना न हरता त्यांनी उपांत्य फेरी गाठली. आयएसएलमध्ये भारतीय प्रशिक्षकाने ते पहिल्यांदाच केले होते. नुसता बचाव करून लीग जिंकता येत नाही.

धरमपेठ :
ऐझॉलची गोष्ट मान्य. त्या संघाला त्यांनी धीट केले होते, म्हणूनच मला आजचे भित्रेपण जास्त लागते. लीग बंद असल्याचा मुद्दाही मी स्वीकारतो, पण ऑगस्टपासून खेळाडू वेळोवेळी त्यांच्याच शिबिरात होते. ते शिबिर कशासाठी वापरले, हे मैदानावर दिसायला हवे होते. माझी मागणी थोडी बदलतो. मार्च २०२६ मध्ये हाँगकाँगविरुद्धचा सामना बाकी आहे, त्याने काही बिघडणार किंवा सुधारणार नाही. त्या सामन्यात रायन विल्यम्स उपलब्ध असेल. ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून त्याने भारताचे घेतले, ढाक्याला गेला, पण परवानगीचा कागद न आल्याने त्याला बसून राहावे लागले. तोही तसा विंगवरचाच. त्याला आणि छांगटेला पुढे ठेवून, आघाडी मिळाल्यावरही बचावफळी मध्यरेषेजवळ उभी राहिली, तर मी जमील यांच्या मुदतीविरुद्ध पुन्हा लिहिणार नाही.

कामठी :
मी एक भर घालतो. त्या सामन्यात मध्ये विल्यम्सला उभे करू नये. तेवीस वर्षांखालचा एखादा भारतीय मुलगा नऊ नंबरला पूर्ण नव्वद मिनिटे ठेवावा, एक गोल चुकला म्हणून त्याला साठाव्या मिनिटाला बाहेर काढू नये. आमच्या मैदानावर तो सामना पाहायला मी सगळ्या मुलांना बसवणार आहे, आणि उजव्या विंगवरच्या त्या पोराला माझ्या शेजारी.