हार्मोनच्या गोळ्यांची भीती: २००२ ची अतिशयोक्ती की २०२५ ची घाई?

लिंबूसरबत:
वय ५१. पाळी जाऊन दीड वर्ष झालं. रात्री तीनदा घामाने निथळून उठते. पंखा पाचवर आणि नवरा गोधडीत. डॉक्टरांपाशी एचआरटीचं (पाळी गेल्यावरच्या त्रासावर हार्मोन देण्याच्या उपचाराचं) नाव काढलं तर "कॅन्सर होईल, त्या फंदात पडू नका" एवढंच. म्हणून स्वतः वाचायला बसले आणि रागच आला.

ही भीती जुलै २००२ ची. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' चाचणीत १६,६०८ बायकांपैकी निम्म्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या दोन हार्मोनची गोळी आणि निम्म्यांना बिनऔषधाची गोळी दिली होती. चाचणी मध्येच थांबवली. का, तर स्तनांचा कॅन्सर २६ टक्क्यांनी वाढला! जगभर मथळे. प्रत्यक्षात काय? दहा हजार जणींमागे वर्षाला ३० च्या जागी ३८. आठ जणी जास्त. त्यातून या बायकांचं सरासरी वय ६३, म्हणजे माझ्यापेक्षा एक तप मोठ्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, या औषधांवरचा स्तनांच्या कॅन्सरचा चौकटीतला इशारा काढायचं जाहीर केलं. माझ्या मते एका अख्ख्या पिढीने फुकट सोसलं.

कडूकारलं:
सहमत नाही. आठ हा आकडा *दर वर्षाचा* आहे ताई, तुम्ही तो आयुष्यभराचा असल्यासारखा वाचलात. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने जगभरातले ५८ अभ्यास एकत्र केले, त्यात कॅन्सर झालेल्या एक लाखाहून जास्त बायका. पन्नाशीला सुरू करून पाच वर्षं दोन्ही हार्मोन रोज घेतले, तर ५० ते ६९ या वयात शंभरातल्या ६.३ ऐवजी ८.३ जणींना कॅन्सर. म्हणजे ५० जणींमागे एक जास्त. आणि गोळ्या बंद केल्यावरही धोका दहा वर्षांहून जास्त काळ थोडाफार रेंगाळतो. २००२ नंतर अमेरिकेत लाखो बायकांनी गोळ्या सोडल्या, आणि २००३ मध्ये तिथलं या कॅन्सरचं प्रमाण झपकन खाली आलं. तो काय योगायोग?

लिंबूसरबत:
हे आकडे बहुतेक गोऱ्या बायकांचे. आपल्याकडे मुळातच प्रमाण कमी, मग वाढही कमीच भरणार ना?

कडूकारलं:
गणित बरोबर, पण मुंबई-पुण्यात ते प्रमाण कुठल्या दिशेला चाललंय तेही बघा. उशिरा मुलं, कमी मुलं, अंगावर पाजणं कमी. ऑक्सफर्डच्याच गटाने २००२ मध्ये ३० देशांतले ४७ अभ्यास तपासले होते: दर बारा महिन्यांच्या स्तनपानामागे धोका ४.३ टक्क्यांनी घटतो, दर बाळंतपणामागे आणखी ७. आपल्या आज्यांना जे संरक्षण होतं ते तुम्हाआम्हाला नाही.

खारीक:
स्त्रीरोग वॉर्डात पंधरा वर्षं नर्स आहे म्हणून बोलते. दोघंही 'हार्मोन' एकच असल्यासारखे भांडताय. गर्भपिशवी काढलेल्या बाईला फक्त इस्ट्रोजेन देतात. प्रोजेस्टिन असतं ते पिशवीच्या अस्तराला कॅन्सर होऊ नये म्हणून. पिशवीच नसेल तर ते कशाला? त्याच अमेरिकन चाचणीत अशा १०,७३९ बायका होत्या, आणि इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत स्तनांचा कॅन्सर *कमी* निघाला. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही कमीच.

कडूकारलं:
ऑक्सफर्डला मात्र तिथेही थोडी वाढ दिसली, २०० जणींमागे एक.

खारीक:
हो, आणि ते कोडं अजून सुटलेलं नाही. एक धागा असा, की लठ्ठ बायकांमध्ये ऑक्सफर्डलाही इस्ट्रोजेनचा धोका फारसा दिसला नाही, आणि अमेरिकन चाचणीत वजनदार बायका बऱ्याच होत्या. पाळी गेल्यावर चरबीच इस्ट्रोजेन बनवते, त्यात गोळीची भर ती किती पडणार? हा माझा तर्क, पुरावा म्हणून घेऊ नका. कोरडेपणासाठी योनीत लावायच्या क्रीमचा धोका तर ऑक्सफर्डलाही दिसला नाही. पण बायका त्या क्रीमलाही घाबरतात!

अवांतर वाटेल, पण २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याची बातमी गाजली होती. तिशीतल्या बायका. ज्यांची बीजकोषंही गेली त्यांची पाळी एका दिवसात संपली, हाडं ठिसूळ व्हायची ती आत्तापासून. त्यांना कुणी इस्ट्रोजेनबद्दल विचारलं तरी का? एफडीएची चौकट राहिली काय, गेली काय, त्यांच्यापर्यंत गोळीच पोचलेली नाही.

लिंबूसरबत:
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझी पिशवी शाबूत आहे, म्हणजे मला दोन्ही हार्मोन, म्हणजे कारल्यांचाच हिशेब लागू. तरी ५० तल्या ४९ मध्ये असण्याची पैज मी लावेन. झोपेविना नोकरी करून बघा एकदा. मॅमोग्राफी करून घेते आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जाते. सख्ख्या मावशीला झाला होता, तेही सांगेन म्हणते.

कडूकारलं:
अहो, हे धाग्याच्या पहिल्या ओळीत लिहायचं! मावशीला कितव्या वर्षी?

लिंबूसरबत:
४४.

खारीक:
तुम्हाला खासगी निरोप पाठवते. गोळीचं नंतर बघू, आधी आईकडच्या बाकीच्या बायकांची यादी काढा.