खोट्या नावाने बदनामी, दाद कुठे मागायची?

पोळीभाजीवाली, ऐरोली:
माझं पोळीभाजी केंद्र आहे. कुणीतरी ऑनलाइन टोपणनावाने सारखं लिहितंय, "हिच्या डाळीत अळ्या असतात." ना फोटो, ना तारीख. डबे बंद व्हायला लागलेत. डाळ मी स्वतः निवडते हो, वाचून जीव तुटतो. पोलीस म्हणाले, कोर्टात जा. नावच माहीत नाही, तर खटला कुणावर?

वकील, बेलापूर:
ताई, पोलिसांचं बरोबर आहे. बदनामी अदखलपात्र गुन्हा, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. भारतीय न्याय संहितेचं कलम 356, 2 वर्षांपर्यंत साधी कैद. दिवाणी दावा 'अज्ञात व्यक्ती'विरुद्धही लावता येतो. मग ज्या साइटवर लिहिलंय, त्या कंपनीकडून कोर्ट आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक), नोंदवलेला मोबाइल नंबर मागवू शकतं. स्क्रीनशॉट आजच काढा, लिंक आणि तारीख दिसली पाहिजे. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे डिजिटल पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागेल.

ठाणेकर:
पण टोपणनावांवरच बंदी नको. 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या पोस्ट-लाइकवरून अटक झाली होती. तेव्हा लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ सुप्रीम कोर्टाने 2015 मध्ये रद्द केलं.

पोळीभाजीवाली, ऐरोली:
डाळ बेचव म्हणा, ऐकून घेईन. अळ्या मात्र दाखवा. वकीलसाहेब, प्रमाणपत्र मीच सही करून द्यायचं का?