कोरडवाहूत मक्का: गावरान का हायब्रीड?

धुरेकरी: राजेहो, काटोलकडे मुरमाड वावर आहे, पाणी फक्त वरचं. कृषी केंद्रवाला म्हणते हायब्रीड घे, आमचा बुढा म्हणते घरचं गावरान टाक. मले बुढ्याचंच पटते. हायब्रीडचं सगळं वावर एकदम तुऱ्यावर (नर फुलावर) येते, अन् नेमकी तेव्हाच पावसानं दडी मारली का पराग झडून जातात, कणसाचे केस मागून निघतात, त्यायले पराग भेटत नाई, सोलून पाहा त अर्धं कणीस बोडकं. गावरान मागंपुढं फुलते, थोडंफार हाती लागते.

कळमन्याचा: भाऊ, त्या थोडंफारात मजुरी तरी निघते का? २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २४०० रुपये होता, व्यापारी गावरान म्हणून दहा रुपये जास्त देत नाई. अन् तुरा अन् केस यातलं अंतर ताणातही वाढू नये म्हणूनच तर ब्रीडर (नवे वाण तयार करणारे) निवड करतात, कमी दिवसाचं ताण सहन करणारं वाण घे ना. १९६१ मध्ये देशात पहिले हायब्रीड आले, तेव्हाच्या गोष्टी आता कायले सांगता?

बियाणंवाली ताई: दरवर्षी पिशवी विकत घ्यायची, पाऊस उशिरा आला, दुबार पेरणी झाली की दुसरी पिशवी, हे कोण धरते हिशोबात? हायब्रीडचं दाणं ठेवून पेरलं तर पुढच्या साली एक झाड डोक्याइतकं, एक कमरेइतकं.

कळमन्याचा: ताई, गावरानही कुठं शुद्ध राहते? शेजाऱ्याचं हायब्रीड धुऱ्याला लागून असलं की वाऱ्यानं पराग येतात. बियाण्यासाठी २०० मीटर अंतर पाहिजे, दोन एकरवाल्यानं ते आणायचं कुठून?

बियाणंवाली ताई: मग पेरणी वीसेक दिवस मागंपुढं करा, फुलोरा जुळत नाही. कणसं वावराच्या मधल्या ओळीतली निवडायची, काठावरची नाही, अन् ताणातही भरलेल्याच झाडाची, नुसतं मोठं कणीस पाहून नाही. नाहीतर कंपोझिट वाण घ्या, म्हणजे बरीच वाणं मिसळून मोकळ्या परागानं वाढवलेलं, त्याचं बी दोन-तीन साल घरचं चालते. हे कोणी सांगतच नाही, कारण त्यात दुकानदाराले काय मिळते!

सावनेरवाला: लष्करी अळी २०१८ पासून दोन्हीवर सारखीच बसून राहिली बाप्पा, पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळल्या पानात) पाहा आधी. अन् उरलं त रानडुक्कर.

कळमन्याचा: कंपोझिटचं मान्य, पण जमीन भारी असली त मी हायब्रीडच लावीन.

धुरेकरी: माही मुरमाडच आहे म्हणून त विचारलं ना बे!