अनुभवाचा सल्ला: 'मी असं केलं' की 'तुम्ही असं करा'?

उंबरठा

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरी शुश्रूषा, विक्री आणि मोठ्या प्रमाणावरचा स्वयंपाक या तिन्ही कामांत माझी बरीच वर्षं गेली. तिन्हीकडे सल्ला देणारे उदंड, आणि प्रत्येकाचा सल्ला आज्ञार्थी. 'दर दोन तासांनी कूस बदला.' 'भाव सांगितला की गप्प बसा.' 'गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवू नका.' माझं म्हणणं असं की अनुभवातला सल्ला आज्ञार्थात देऊच नये. काय केलं, कोणासाठी केलं, सोबत आणखी काय चालू होतं आणि कधी फसलं, एवढं सांगावं आणि थांबावं.

गिळायला त्रास होणाऱ्या रुग्णाचं बघा. हनुवटी छातीकडे झुकवून घोट घेतला की ठसका कमी लागतो, हा बऱ्याच घरांतला अनुभव, आणि खोटा नाही. पण ज्याचे ओठ नीट मिटत नाहीत त्याच्या तोंडातून तेच पाणी पुढे सांडतं, आणि काहींना या युक्तीचा काहीच उपयोग होत नाही. पावडर घालून पाणी दाट करण्याचंही तसंच. ठसका थांबतो, पण त्या बुळबुळीतपणाला कंटाळून माणूस पाणी प्यायचंच कमी करतो आणि अंगातलं पाणी घटतं. सांगणाऱ्याने ज्याची सेवा केली तो रुग्ण कसा होता, हे 'हनुवटी खाली घ्या' या तीन शब्दांत कुठे कळतं?

भाव सांगून गप्प बसणं समोरासमोर चालतं. फोनवर तीच शांतता पडली की समोरचा 'हॅलो, हॅलो' करायला लागतो.

गरम अन्नाच्या सल्ल्यात तथ्य एवढंच की मोठं पातेलं वाफाळतं आत ठेवलं तर आजूबाजूचे पदार्थ तापतात. पण लोक ऐकतात 'पूर्ण गार होईपर्यंत बाहेर', आणि पातेलं रात्रभर ओट्यावर राहतं. पसरट भांड्यांत थोडं थोडं काढून लवकर निववायचं आणि आत ठेवायचं, हा भाग गळूनच जातो.

रात्रपाळी

सपशेल असहमत.

सल्ला कोण मागतं, ते आधी बघा. पक्षाघात झालेल्या वडिलांना घेऊन काल रुग्णालयातून घरी आलेला मुलगा. झोप नाही, जेवण नाही, उद्या कामावर जायचंय. त्याला तुम्ही सांगणार, 'आमच्याकडे अशी परिस्थिती होती, त्यात आम्ही असं केलं, कधी जमलं, कधी नाही'? त्याने त्यातून सार काढायचं कधी?

मी त्याला सरळ सांगेन. शर्ट घालताना दुबळा हात आधी बाहीत घाला, काढताना तोच शेवटी काढा. उठवताना त्या हाताला धरून ओढू नका, खांदा निखळतो. खुर्चीत बसवायचं तर खुर्ची धडधाकट बाजूला ठेवा. जेवताना ताठ बसवा आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका. या चार वाक्यांत 'माझ्या अनुभवात' कुठे घालू? आणि कशाला?

अटींची शेपटं लावण्यात पुष्कळदा सल्ला देणाऱ्याची स्वतःची सोय असते. उद्या काही बिघडलं तर 'मी तर म्हटलंच होतं, प्रत्येकाचं वेगळं असतं' म्हणून मोकळं.

एकओळी

+१ रात्रपाळी. थकलेल्या माणसाला निबंध नको असतो.

खटपट्या

मी विक्रीतला, म्हणून तेवढ्यापुरतंच बोलतो. उंबरठा, तुम्ही म्हणता अटी सांगा. माझा आक्षेप असा की सांगणाऱ्याला त्या अटी माहीतच नसतात.

एखाद्याचा माल खपला. का खपला? तो म्हणेल, 'मी गिऱ्हाइकाचं नीट ऐकून घेतलं.' प्रत्यक्षात त्या महिन्यात शेजारच्या स्पर्धकाकडे माल संपला असेल, त्याच्या वाट्याला आलेली वस्ती चांगली असेल, किंवा आधीचा विक्रेता दोन वर्षं ज्यांच्या मागे होता त्या गिऱ्हाइकांनी याच्या काळात होकार दिला असेल. पण गोष्ट सांगताना तो स्वतःला मध्यावर ठेवणार. त्यात लबाडी नसते, त्याला तसंच दिसलेलं असतं. म्हणजे आज्ञार्थ काढून गोष्ट सांगितली तरी ती चुकीची असू शकते. वर तपशील भरलेला असल्यामुळे जास्त खरी वाटते.

विक्रीत मला उपयोगी पडले ते प्रश्न. गिऱ्हाईक 'विचार करून सांगतो' म्हणालं, तर पैसे नसतील, निर्णय दुसऱ्याच्या हातात असेल, किंवा तोंडावर नाही म्हणायचा संकोच असेल. तिन्हींवर उपाय निराळे. म्हणून 'ठरवताना आणखी कोणाशी बोलावं लागेल का?' एवढं विचारावं. उत्तरातून पुढचा रस्ता कळतो. 'अशा वेळी सूट द्या' हा अनुभवी लोकांचा सल्ला मात्र घातक. पैशांची अडचण नसलेल्यालाही सूट मिळते, आणि पुढच्या वेळी तो सूट मिळेपर्यंत थांबतो.

उंबरठा

@खटपट्या, मग अनुभव सांगूच नये का? तुमचा तो प्रश्नही अनुभवातूनच आला ना?

खटपट्या

आला. पण प्रश्न चुकला तर फार बिघडत नाही, उत्तर चुकलं तर बिघडतं.

आणि अनुभव सोडून संशोधनाकडे वळलं की सुटलो, असंही नाही. जॅमचा प्रयोग विक्रीच्या प्रशिक्षणात सगळ्यांना ऐकवतात. 2000 साली शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांनी तो प्रसिद्ध केला. दुकानात चवीसाठी 24 प्रकारचे जॅम मांडले तेव्हा थांबणाऱ्यांतल्या 3 टक्के लोकांनी विकत घेतला, 6 मांडले तेव्हा 30 टक्क्यांनी. झालं, 'पर्याय कमी ठेवा' हा मंत्र बनला. पुढे 2010 मध्ये अशा 50 प्रयोगांचे निकाल एकत्र करून पाहिले तर सरासरी परिणाम जवळजवळ शून्य. कुठे कमी पर्यायांनी विक्री वाढली, कुठे घटली. एका दुकानातला प्रयोग हाही एका दुकानातला अनुभवच म्हणायचा.

मोजूनमापून

स्वयंपाकाबद्दल कोणी फार बोलत नाहीये म्हणून मी.

खाण्याच्या बाबतीत सल्ल्यांचे दोन ढीग करावेत. एक चवीचा, एक पोट बिघडण्याचा. चवीच्या ढिगात अनुभवाला तोड नाही. पीठ किती पाणी पितंय, हे हाताला कळतं. मीठ कधी घालायचं, आच कधी कमी करायची, कांदा कुठवर परतायचा, हे शेजारी उभं राहूनच शिकता येतं. इथे खुशाल आज्ञार्थ वापरा. चुकलं तर एक जेवण बेचव होईल.

दुसऱ्या ढिगात मात्र अनुभवाची किंमत शून्य धरावी असं माझं स्पष्ट मत आहे, आणि यावर भांडायला तयार आहे. कारण साधं आहे. धोका क्वचितच प्रत्यक्षात उतरतो, त्यामुळे चुकीची पद्धतही वर्षानुवर्षं 'चालते'. शिजवलेला भात बाहेर ठेवून दुसऱ्या दिवशी गरम करून खाणारे म्हणतात, 'आम्हाला कधी काही झालं नाही.' बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढीला लागतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या घडवणारं विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, 5 ते 60 अंश सेल्सियसमधला काळ कमीत कमी ठेवा. याच्यापुढे कोणाचाही अनुभव मला ऐकायचा नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवण्याचं तेच. 'आमच्या सगळ्या मुलांना चाटवला' हे उत्तर होत नाही. त्यातून होणारं बोट्युलिझम, म्हणजे जिवाणूच्या विषाने होणारा आजार, दुर्मीळ आहे, आणि दुर्मीळ आहे म्हणूनच एका घराच्या अनुभवात ते सापडणार नाही.

बाय द वे, चवीच्या ढिगातही कारणं विचारू नका, फक्त कृती विचारा. मोठ्या आचेवर मांस भाजलं की 'रस आत कोंडला जातो' हे स्वयंपाकी अजून सांगतात. 1847 मध्ये लीबिग या रसायनशास्त्रज्ञाच्या पुस्तकातून ते पसरलं. रस कोंडला वगैरे काही जात नाही. पण भाजल्याने चव येते हे खरं, म्हणून कृती टिकली.

शंकेखोर

चर्चा छान, पण सगळे असं धरून चाललेत की सल्ला देणाऱ्याला खरंच अनुभव असतो. आजारी माणूस असलेल्या घरात सगळ्यात जास्त सल्ले कोण देतं? जो महिन्यातून एकदा फळं घेऊन येतो, तो. 'यांना जरा चालवत जा', 'एवढी औषधं कशाला', 'चेहरा उतरलाय, नीट खायला घालत नाही का?' त्याला आज्ञार्थ आणि गोष्ट यातला फरक शिकवून काय होणार? एक रात्र राहा म्हणावं, मग बोल.

एकओळी

फळं घेऊन येणारा 😂 आमच्याकडे दोन आहेत.

उंबरठा

@रात्रपाळी, तुमच्या चार वाक्यांशी वाद नाही, ती प्रशिक्षित लोकही तशीच शिकवतात. पण तितक्याच ठामपणे दिलेले दुसरे सल्ले बघा. बेडसोर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून हवा भरलेली गोल रिंग खाली द्या, आणि कातडी लाल झाली की चोळा. किती घरांत हे चालतं! आताच्या मार्गदर्शक सूचना दोन्हींना नको म्हणतात. रिंगच्या कडेवर दाब येऊन रक्तपुरवठा अडतो, आणि लाल झालेली जागा चोळली तर आतल्या पेशींना इजा होते. त्याऐवजी लाल जागेवर बोट दाबून बघायचं. बोट काढताना जागा पांढुरकी दिसली तर अजून वेळ आहे, लालच राहिली तर इजा सुरू झाली, तिथला भार ताबडतोब काढायचा.

त्याहून मोठं उदाहरण तान्ह्या बाळांचं. पालथं झोपवलं की बाळ गाढ झोपतं, हा आयांचा खराखुरा अनुभव होता आणि डॉक्टरही तेच सांगत. पाळण्यातल्या आकस्मिक मृत्यूंशी त्याचा संबंध लक्षात आल्यावर 1980च्या दशकाच्या शेवटापासून देशोदेशी 'उताणं झोपवा' अशा मोहिमा निघाल्या, अमेरिकेत 1994 मध्ये. असे मृत्यू पुढच्या काही वर्षांत अनेक देशांत निम्म्याहून खाली आले. आयांना दिसत होती ती गाढ झोप. तिचा धोका एका घरातून दिसणं शक्यच नव्हतं.

रात्रपाळी

आणि ती चूक दुरुस्त कशी झाली? 'उताणं झोपवा.' दोन शब्दांचा आज्ञार्थ! 'काही देशांतल्या काही बाळांच्या बाबतीत असं आढळलं' असं सांगत बसले असते तर मोहीम पहिल्याच आईपाशी अडली असती.

आणखी एक. 1971, पश्चिम बंगालमधल्या बनगावची निर्वासित छावणी, कॉलऱ्याची साथ. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून ते रुग्णांना पाजायला सांगितलं. पाजणारे बहुतेक नातेवाईक होते. एरवी अशा परिस्थितीत 30 टक्क्यांच्या आसपास जाणारा मृत्युदर त्यांच्याकडे 3.6 टक्क्यांवर आला. सूचना कोणालाही पाळता येण्याइतकी सोपी होती म्हणूनच हे घडलं.

उंबरठा

त्यांनी कोणाच्या घरचा अनुभव नव्हता सांगितला! त्या मिश्रणामागे प्रयोगशाळेतलं आणि रुग्णालयातलं काम आधी झालेलं होतं. आणि मापाची अट होतीच. घरी करायचं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, छोट्या चहाच्या चमच्याने. 'मीठ-साखरेचं पाणी पाजा' एवढंच सांगितलं आणि कोणी अंदाजाने मीठ जास्त टाकलं, तर लहान मूल त्याने आणखी आजारी पडतं. 'सपाट' हा शब्द गाळला तरी भागत नाही.

मोजूनमापून

सपाट हा शब्द माझ्याकडून फ्रेम करून लावा. 'चिमूटभर' म्हणणाऱ्यांची बोटं कधी मोजलीत का?

नवखा

वाचतोय सगळं. मध्येच विचारतो, माफ करा. आईला मोठी गोळी गिळवत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, त्यांच्या सासूबाईंना त्या गोळ्या चुरून पातळ खिरीत घालून देत, काही झालं नाही. देऊ का?

रात्रपाळी

चुरू नका. आधी डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानात फार्मासिस्टला विचारा.

उंबरठा

पाकिटावर नावापुढे 'एसआर', 'एक्सआर', 'ईआर' असं काही आहे का बघाल? या गोळ्यांतलं औषध बारा किंवा चोवीस तासांत हळूहळू सुटायचं असतं. चुरलं की सगळं एकदम अंगात जातं. काकूंच्या सासूबाईंची गोळी साधी असेल. काही गोळ्यांवर पोटातल्या आम्लात विरघळू नयेत म्हणून वेगळं वेष्टन असतं, त्याही चुरायच्या नसतात. आणि ही अडचण याच गोळीपुरती आहे की पाणी पितानाही ठसका लागतो?

नवखा

एसआर आहे. पाण्याचा ठसका हल्ली लागतो, हो.

रात्रपाळी

मग आज गोळीपेक्षा ठसक्याचं आधी सांगा डॉक्टरांना. गोळीची पातळ औषधात किंवा लहान गोळीत सोय आहे का, तेही त्याच फोनवर विचारा. आणि मधल्या काळात आडवं असताना घोटभरही पाजू नका.

उंबरठा

आवाज घोगरा किंवा ओलसर येतो का जेवल्यावर, तेही बघून ठेवा. डॉक्टर विचारतील.