घोट्याच्या फ्यूजननंतर गुडघा मागे जातो, बाहेरच्या कडेला घट्टा पडतो

प्रश्न: घोट्याचं फ्यूजन (सांध्याची हाडं कायमची जोडण्याची शस्त्रक्रिया) होऊन आठ महिने झालेत. हाड पक्कं जुळलंय, घोटा दुखत नाही. पण अनवाणी चालताना गुडघा मागे ढकलला जातो आणि पाचव्या मेटाटार्सलच्या (करंगळीमागच्या लांब हाडाच्या) बुडाखाली घट्टा पडलाय. बुटात गुडघ्याचा त्रास बराच कमी होतो. अलाइनमेंटमध्ये (हाडं कोणत्या कोनात जुळलीत त्यात) काय तपासू?

उत्तर 1: या दोन तक्रारी वेगवेगळ्या समजा. गुडघा मागे जातो तो इक्वायनसमुळे, म्हणजे चवडा खाली झुकलेल्या स्थितीत घोटा जुळल्यामुळे. टाच ते चवडा अंतर 17 सेमी धरलं, तर 10 अंशांच्या इक्वायनसमध्ये टाच जवळपास 3 सेमी वर राहते. ती टेकवायची तर नडगी मागे कलते आणि गुडघ्याचा मागचा भाग ताणला जातो. बुटाची टाच तेवढं अंतर भरते, म्हणून बुटात बरं वाटतं.

योग्य स्थिती अशी: वरखाली 0 अंश (पाऊल नडगीला काटकोनात), टाच 0 ते 5 अंश व्हॅल्गसमध्ये (बाहेर झुकलेली), पाऊल 5 ते 10 अंश बाहेर वळलेलं (दुसरा पाय निरोगी असेल तर त्याच्याइतकं) आणि टॅलस (घोट्याचं खालचं हाड) टिबियाखाली (नडगीच्या हाडाखाली) किंचित मागे. टॅलस पुढे राहिला तर चवड्याचा तरफदांडा लांबतो आणि पाऊल उचलून टाकणं जड जातं.

उत्तर 2: घट्टा व्हारसमुळे (टाच आत झुकल्यामुळे), आणि माझ्या मते हाच जास्त वाईट दोष. घोटा बंद झाल्यावर वरखालीची उरलेली हालचाल मुख्यतः शोपार सांध्यातून (टाच आणि मधलं पाऊल यांच्यामधल्या सांध्यातून) येते. टाच व्हॅल्गसमध्ये असताना त्या सांध्याचे दोन अक्ष समांतर होतात, मधलं पाऊल मोकळं राहतं. व्हारसमध्ये अक्ष समांतर राहत नाहीत, पाऊल कुलूपबंद होतं आणि वजन बाहेरच्या कडेवरच पडतं. तिथे दुखणं वाढलं तर स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला गेलेला तडा) बघा.

एक्स-रे उभं राहूनच काढा. बाजूच्या एक्स-रेत टिबियाचा कोन जमिनीशी मोजा, नुसता टॅलसशी नको. उंच कमानीच्या पायात टॅलस बरोबर दिसतो आणि तरीही चवडा खाली लोंबतो.

प्रश्नकर्ता: टाचेखाली 1 सेमीची पट्टी ठेवली की गुडघा सरळ राहतो. सबटॅलर सांधा (टॅलस आणि टाचेच्या हाडामधला) थोडा हलतो.

उत्तर 1: म्हणजे इक्वायनस सौम्य आहे, साधारण 3-4 अंश. पट्टी बुटात कायम ठेवा, पायांच्या लांबीतला फरक मोजून दुसऱ्या बुटाची उंची ठरवा. बुटाचा तळ रॉकर (पुढे लोळणारा, वक्र) करून घ्या, त्याचा उंचवटा मेटाटार्सलच्या डोक्यांच्या जरा मागे हवा. व्हारससाठी टाचेच्या बाहेरच्या कडेला 3 ते 5 मिमीची पाचर लावून बघा.

उत्तर 2: पाचर लावायच्या आधी टाच हाताने मध्यावर येते का ते नक्की पाहा. येत नसेल तर पाचरीने त्याच कडेवरचा दाब वाढतो आणि घट्टा चिघळतो. मग प्रश्न बुटाचा राहत नाही, कॅल्केनियसच्या (टाचेच्या हाडाच्या) किंवा घोट्याच्या वरच्या ऑस्टिओटॉमीचा (हाड कापून कोन सुधारण्याच्या शस्त्रक्रियेचा) होतो.